जुना राष्ट्रीय महामार्ग ४ आणि नवा ४८ : लेख एक असावा की दोन?

पोवई नाका (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

मराठी विकिपीडियावर रस्त्यांविषयी लिहिणारे काही जण येथे नियमित येतात, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो आहे. वाद एका लेखाच्या शीर्षकावरून सुरू झाला आणि आता दोन संपादक एकमेकांशी एक शब्दही न बोलता केवळ एकमेकांची संपादने उलटवत बसले आहेत, इथवर तो येऊन ठेपला आहे. त्या दोघांपैकी एक मी आहे.

माझे घर साताऱ्यात, पुणे-बंगळूर महामार्गापासून चालत दहा मिनिटांवर आहे. या रस्त्याला आमच्याकडे लहानथोर सगळेच ‘एनएच फोर’ म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरचालक म्हणतो, आणि प्लॉटच्या जाहिरातीतही ‘एनएच फोर टच’ असेच छापलेले असते. गेल्या पावसाळ्यात मी ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ या शीर्षकाखाली जवळजवळ दोन महिने लिहीत होतो. शिरवळपासून कराडपर्यंतचा भाग मी मनापासून लिहिला. खंबाटकी घाट, सुरूर फाट्यावरून वाईकडे वळणारी वाट, पाचवड, आनेवाडीचा टोलनाका, लिंब फाटा, वाढे फाटा, पुढे नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज आणि तासवडे, असा तो भाग क्रमाने लावला आणि जेथे जेथे संदर्भ मिळाला तेथे तो जोडला.

त्यानंतर एका संपादकांनी हा सगळा मजकूर ‘राष्ट्रीय महामार्ग ४८’ या पानावर स्थानांतरित केला. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ४ हा क्रमांक आपल्या रस्त्याचा राहिलेला नाही, असे कारण त्यांनी संपादन सारांशात एका ओळीत दिले. कारण खोटे नाही. परंतु ४८ हा दिल्लीपासून चेन्नईपर्यंत जाणारा रस्ता आहे आणि त्या लांबलचक लेखात साताऱ्याचा भाग छाटून चार ओळींचा करण्यात आला. मी स्थानांतरण उलटवले, त्यांनी माझे संपादन उलटवले, आणि दोन दिवसांत हे पाच वेळा झाले. शेवटी एका प्रचालकांनी (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या सदस्यांनी) पान आठवडाभरासाठी सुरक्षित केले, म्हणजे संपादनासाठी बंद केले, आणि आम्हा दोघांना चर्चा पानावर बोलण्यास सांगितले. त्या पानावर आज चौथ्या दिवशीही कोणी काही लिहिलेले नाही.

दुसरी तक्रार लांबीची आहे. वाढे फाट्यापासून कराडच्या कोल्हापूर नाक्यापर्यंतचे अंतर मी स्वतः मोटारसायकलवर तीन वेळा मोजले, तिन्ही वेळचे आकडे वहीत टिपले आणि त्यांची सरासरी लेखात घातली. ती ‘मूळ संशोधन’ म्हणून काढली गेली. ज्या रस्त्याने मी रोज जातो त्याचे अंतर सांगायला मला पुस्तक कशाला लागावे? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे मला तेव्हा वाटले आणि खरे सांगायचे तर आजही थोडे वाटते.

माझे प्रश्न दोन आहेत. जुना ४ आणि नवा ४८ यांसाठी लेख एक असावा की दोन असावेत? आणि डोळ्यांनी पाहिलेली, हाताने मोजलेली माहिती अशा ज्ञानकोशात कोणत्या वाटेने आणता येते?


हरिपूरकर (सांगली) यांचे उत्तर

पोवई नाका, आपण घेतलेले कष्ट मी पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते लेख दोनच असले पाहिजेत, आणि त्याचे कारण भावनेचे नसून कायद्याचे आहे. एखादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ठरतो तो राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये केंद्र सरकारच्या राजपत्रात निघालेल्या अधिसूचनेमुळे. म्हणजे ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ हे डांबराचे नाव नाही; एका विशिष्ट मार्गाच्या वर्णनाला दिलेला तो क्रमांक आहे. जुन्या ४ चे वर्णन ठाण्याजवळ जुन्या ३ ला जेथे तो मिळत होता तेथून सुरू होऊन पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर, राणीपेट असे करत चेन्नईला संपत होते. त्याची लांबी १,२३५ किलोमीटर होती. त्यांतील महाराष्ट्रात ३७१, कर्नाटकात ६५८, आंध्र प्रदेशात ८३ आणि तमिळनाडूत १२३ किलोमीटर होते. बेरीज करून पाहा, ती चोख जुळते.

आता त्या आंध्रातील ८३ किलोमीटरांकडे नीट पाहा, कारण या वादाची किल्ली तेथेच आहे. जुना ४ बंगळूरच्या पुढे कोलार, मुळबागल, चित्तूर असा आंध्रात शिरून राणीपेटला उतरत होता. नवा ४८ बंगळूरहून होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर असा जातो आणि आंध्र प्रदेशात पाऊलही ठेवत नाही. उत्तरेला तर त्याला दिल्ली-मुंबई अशा जुन्या ८ चा बहुतेक भाग जोडला गेला आहे आणि त्यामुळे एकूण लांबी सुमारे २,८०० किलोमीटर झाली आहे. याचा अर्थ ४ चे ‘नवे नाव’ ४८ असे म्हणणेच चुकीचे ठरते. आपल्या साताऱ्यापुरते ते दोन्ही एकच आहेत, संपूर्ण मार्ग म्हणून मात्र ते दोन वेगळे मार्ग आहेत आणि एक शीर्षक दुसऱ्यावर स्थानांतरित केले की वाचकाच्या हाती चुकीची माहिती पडते.

४ हा क्रमांक अंदमानात का गेला, याचेही आपल्या मंडळींना आश्चर्य वाटते. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक आहेत आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक आहेत आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून अगदी पूर्वेकडच्या अंदमानातील रस्त्याला, जो पूर्वी २२३ होता, ४ मिळाला, ईशान्येत त्रिपुराकडे जाणाऱ्या रस्त्याला ८ मिळाला, आणि पश्चिम किनाऱ्याने जाणारा कोकणातला जुना १७ आता ६६ झाला. तीन आकडी क्रमांक हे फाट्यांचे असून त्यांचे शेवटचे दोन आकडे मूळ महामार्ग सांगतात. रत्नागिरीहून कोल्हापूर, सांगली, मिरज असा सोलापूरकडे जाणारा आमचा १६६ म्हणून ६६ चा फाटा ठरतो आणि फलटणवरून जाणारा ९६५ हा ज्ञानेश्वर माउलींचा पालखी मार्ग ६५ चा फाटा ठरतो. ही पद्धत एकदा ध्यानात आली की शीर्षकांचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

४८ या शीर्षकालाही हेच दुखणे आहे, हे विसरू नका. जुना ४८ बंगळूर-मंगळूर असा ३२८ किलोमीटरचा होता आणि तो आता ७५ मध्ये गेला आहे. तेव्हा ‘राष्ट्रीय महामार्ग ४ (जुने क्रमांकन)’, ‘राष्ट्रीय महामार्ग ४’, ‘राष्ट्रीय महामार्ग ४८’ आणि ‘राष्ट्रीय महामार्ग ४८ (जुने क्रमांकन)’ अशी चार वेगळी पाने असावीत, प्रत्येकाच्या माथ्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवणारी एक ओळ असावी, आणि ‘एनएच ४’ असे शोधणाऱ्याला निःसंदिग्धीकरण पानावर, म्हणजे एकसारख्या नावांचे लेख वेगवेगळे दाखवणाऱ्या पानावर, न्यावे.

मोटारसायकलच्या मोजणीबद्दल आपले वाईट वाटणे मी समजू शकतो. परंतु टायरची झीज, हवेचा दाब, आपण सेवारस्त्याने गेलात की मुख्य मार्गाने, यांवर तो आकडा बदलतो, आणि मुख्य म्हणजे उद्या नाशिकच्या वाचकाला तो पडताळून पाहण्याचा काही मार्ग नाही. आपण खोटे बोलता, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ज्ञानकोशात आपल्या पदरचे घालायचे नाही, एवढेच त्या नियमाचे म्हणणे आहे, आणि तो नियम आपल्याला लागू होतो तसाच मलाही लागू होतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्रजी विकिपीडियावर २००६ मध्ये अमेरिकेतील राज्य महामार्गांच्या शीर्षकांवरून असाच मोठा तंटा झाला होता. ‘स्टेट रूट १ (कॅलिफोर्निया)’ लिहावे की ‘कॅलिफोर्निया स्टेट रूट १’, एवढाच प्रश्न होता, पण शेकडो पाने पुढे-मागे स्थानांतरित झाली, प्रकरण लवाद समितीपर्यंत गेले, आणि अखेर सगळ्यांनी बसून मतदानाने राज्याचे नाव आधी लिहिण्याची पद्धत ठरवली. पुढे २०२३ मध्ये, नकाशे आणि रस्ते खात्यांची कागदपत्रे संदर्भ म्हणून पुरेशी मानायची का आणि लहान रस्त्यांचे लेख ठेवायचे का, या वादातून त्या संपादकांपैकी बऱ्याच जणांनी एएरोड्स विकी नावाची वेगळी चूल मांडली. मजकुराचा परवाना मुक्त असल्याने श्रेय देऊन लेख सोबत नेण्याची मुभा त्यांना होतीच. परंतु अनेक वर्षे त्या लेखांवर पहारा ठेवणारी जाणकार माणसे मूळ ज्ञानकोशातून निघून गेली, ही हानी कोणत्याही परवान्याने भरून येत नाही. मराठीत रस्त्यांवर लिहिणारे आपण आहोतच किती? वेगळी चूल मांडण्याएवढी माणसे आपल्याकडे नाहीत, म्हणून त्या संपादकांना आजच्या आज चर्चा पानावर हाक मारा.


मैलाचा दगड (कराड) यांचे उत्तर

ज्यांनी तो लेख स्थानांतरित केला तो संपादक मीच आहे. हा प्रश्न योगायोगाने दिसला आणि गप्प बसणे बरोबर वाटले नाही.

प्रथम माझी चूक सांगतो. दोन महिने कोणी लिहीत आहे हे पानाच्या इतिहासात मला स्पष्ट दिसत होते. तरीही चर्चा पानावर आधी विचारण्याऐवजी मी सारांशातील एका ओळीवर काम भागवले. पोवई नाका, त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. आपला मजकूर छाटताना तो कोठे गेला याची नोंदही मी ठेवली नाही, ही त्याहून मोठी चूक होती.

हरिपूरकरांनी सांगितलेला आंध्रातील ८३ किलोमीटरांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. ४ आणि ४८ एकाच पानावर बसत नाहीत.

मात्र दोन लेख केल्याने आपला प्रश्न सुटतो, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. ‘४ (जुने क्रमांकन)’ हा लेख २०१० मध्ये थांबणार. रस्ता थांबत नाही. खंबाटकीचा बोगदा, सातारा-कराड भागातील पूल, सहापदरीकरण, अपघातांमुळे बदललेली वळणे, हे सगळे एका सलग रस्त्याचे चरित्र आहे. त्यातील २०१० पर्यंतचे एका पानावर आणि पुढचे दुसऱ्या पानावर लिहिले, तर उंब्रजच्या शाळेतील मुलाला आपल्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याची हकीकत जाणून घेण्यासाठी दोन पाने उघडावी लागतील आणि त्यांतील एक पान दिल्लीपासून सुरू झालेले असेल. नाही तर मग तोच मजकूर दोन्हीकडे उतरवला जाईल, आणि ज्यांनी लेखांवर पहारा ठेवला आहे त्यांना ठाऊक आहे की एकाच मजकुराच्या दोन प्रती वर्षभरात एकमेकींशी विसंगत होतात. एकीत दुरुस्ती होते, दुसरी तशीच राहते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की मुख्य हकीकत ‘पुणे-बंगळूर महामार्ग’ या नावाने लिहावी. लोकांच्या तोंडी हेच नाव आहे, वर्तमानपत्रांत हेच छापले जाते आणि शोधणाराही हेच शोधतो. क्रमांकांचे लेख मार्गवर्णन, लांबी आणि अधिसूचना एवढ्यापुरते छोटे ठेवावेत. क्रमांक सरकार बदलते आणि उद्या पुन्हा बदलू शकते. वाट मात्र तीच राहते.

आता डोळ्यांनी पाहिलेल्या माहितीबद्दल. मी हे टोपणनाव ज्यावरून घेतले तो दगड नागठाण्याच्या पुढे, चौपदरीकरणात बाजूला पडलेल्या जुन्या वळणावर, एका बांधाला टेकून उभा आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गाचा हिरवा. या दगडाचा पिवळा रंग पोपडे येऊन गळाला आहे आणि दुपारी पाहिले तर तो नुसता पांढरट धोंडा दिसतो. परंतु सकाळी सातच्या सुमारास ऊन तिरपे पडते तेव्हा कोरलेल्या अक्षरांच्या कडांवर सावली धरते आणि ‘कराड’ हा शब्द आणि त्याखालचा आकडा स्पष्ट वाचता येतो. मी त्याचे छायाचित्र काढून मुक्त परवान्याने कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहात, चढवले आहे. त्या छायाचित्रावरून ‘जुना रस्ता येथून जात होता’ असे विधान मी लेखात केले नाही, कारण तो दगड कोणी उचलून तेथे आणून ठेवला असेल तर? सुतावरून स्वर्ग गाठल्यासारखे ते झाले असते. मात्र चित्र म्हणून ते लेखात शोभते, आणि त्या दगडामुळेच जुन्या नकाशात नेमके कोठे पाहायचे हे मला कळले. आपण मोजलेल्या अंतराचाही असाच उपयोग आहे, असे मी सुचवेन. ते लेखात लिहू नये, पण छापील आकडा त्याच्याशी फारच विसंगत निघाला तर छापील आकड्यावर शंका घेऊन दुसरा स्रोत शोधावा.


वाईची वाचक यांचे उत्तर

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे विकिपीडियावर लिहिते. आमच्या वाईत ज्ञानकोशाचे काम पाहत आम्ही मोठे झालो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तेथे लेखकाने नोंद लिहायची, विषयाच्या जाणकाराने तपासायची आणि शेवटचा शब्द संपादकांचा असायचा. मुक्त ज्ञानकोशात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. म्हणून तेथे चर्चा पान हे लेखाइतकेच महत्त्वाचे असते. आपण दोघांनी चार दिवस ते पान रिकामे ठेवले, याचे मला फार वाईट वाटले, आणि हे मी दोघांनाही समान सांगते आहे.

पोवई नाका यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्या अनुभवातून उत्तर देते. खंबाटकीविषयीच्या एका मजकुरात कोणी लांबच्या संपादकाने लिहिले होते की घाटातील सर्व वाहतूक बोगद्यातून होते. आम्हाला ठाऊक होते की तेव्हा बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी होता आणि पुण्याहून येणारी वाहने घाट चढूनच येत. वाईच्या माणसाने हे हजारदा अनुभवलेले असते. मी ते दुरुस्त केले आणि त्यांनी संदर्भ मागितला. पहिल्या क्षणी राग आला. मग विचार केला की हे जर इतके उघड आहे, तर कोठे तरी लिहिलेले असणारच. नव्या जुळ्या बोगद्यांच्या कामाविषयीच्या बातम्या चाळल्या, त्यांत आधीची व्यवस्था कशी होती हे दोन वाक्यांत दिलेले होते, आणि दुरुस्ती त्या संदर्भासह कायम झाली. आपण स्थानिक असल्याने चूक आपल्याला आधी दिसते आणि शोध कोठे घ्यायचा हेही कळते. हा आपला मोठा लाभ आहे आणि तो आपण तसाच वापरला पाहिजे.

छापील बातमीवरही डोळे मिटून विसंबू नका. एका रस्त्याच्या लेखात एका नवख्या सदस्याने लांबीचा आकडा चुकीचा टाकला होता. काही महिन्यांनी एका दैनिकाने तोच आकडा जसाच्या तसा छापला. त्यानंतर दुसऱ्या सदस्याने त्या बातमीचा दाखला देऊन तो आकडा ‘संदर्भासहित’ केला. चूक आमच्याच अंगणातून निघाली आणि रस्त्याने फिरून पाहुणी म्हणून परत आली. पानाच्या इतिहासात तो आकडा पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला आणि बातमीची तारीख कोणती, हे ताडून पाहिल्यावरच ते उघड झाले. तेव्हापासून लांबीसाठी मी राजपत्र किंवा मंत्रालयाची यादी पाहिल्याशिवाय राहत नाही.

आणि दोघांनाही एक विनंती आहे : ‘सध्या’ हा शब्द रस्त्यांच्या लेखांतून काढून टाका. ‘सध्या काम सुरू आहे’ असे वाक्य मी सहा-सात वर्षे तसेच पडून राहिलेले पाहिले आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात सुरू होते ते लिहा, म्हणजे वाक्य जुने झाले तरी खोटे होत नाही.

शीर्षकाबाबत माझे मत हरिपूरकरांच्या बाजूचे आहे, मात्र कराडकरांची विसंगतीची भीती रास्त आहे. ज्याला स्वतःचे महत्त्व आहे त्याचा लेख स्वतंत्र करावा, असा त्यावर उपाय मला सुचतो. खंबाटकी घाटाचा सविस्तर मजकूर ‘खंबाटकी घाट’ या पानावर एकदाच लिहावा आणि जुन्या ४ च्या व नव्या ४८ च्या लेखांतून त्याच्याकडे दुवा द्यावा.


जतकर यांचे उत्तर

नावांचा विषय निघालाच आहे, तर सीमेवरची एक अडचण मांडतो. गुहागरहून चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत असा जाणारा १६६ ई आम्ही लिहीत होतो. त्याचा शेवट ‘विजापूर’ला होतो असे मी लिहिले. एका सदस्याने ते ‘विजयपुरा’ केले, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने ते अधिकृत नाव ठरवले आहे. मी पुन्हा ‘विजापूर’ केले. माझ्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात आणि कोणत्याही नावाचा मला अनादर करायचा नाही. तथापि, जतच्या बसस्थानकावर मराठीत विचारणारा माणूस विजापूरची गाडी कधी आहे असेच विचारतो, आणि मराठी वर्तमानपत्रेही ‘गुहागर-विजापूर महामार्ग’ असेच लिहितात.

आम्ही शेवटी चर्चा पानावर असे ठरवले की मराठी लेखात मराठीत रूढ असलेले नाव वापरायचे, पहिल्या उल्लेखाच्या वेळी अधिकृत नाव सोबत द्यायचे, आणि अधिसूचनेतील मार्गवर्णन उद्धृत करताना तेथे जे नाव असेल तेच ठेवायचे. बेळगावसाठीही तेच. ‘पुणे-बंगळूर’ की ‘पुणे-बंगळुरू’ हा प्रश्न आपल्या लेखात येणारच आहे. तो पान खुले होण्यापूर्वीच मिटवून घ्या, अन्यथा शीर्षकाचा वाद संपेपर्यंत शुद्धलेखनाचा सुरू होईल.


पोवई नाका (सातारा) यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैलाचा दगड, आपण समोर येऊन बोललात, याने माझ्या मनातील पुष्कळसा राग निवळला. मीही पाच वेळा उलटवले, त्यांतील एकदाही आपल्याला विचारले नाही. ती चूक माझी आहे. इंग्रजी आवृत्तीत एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवल्यास संपादनबंदी येऊ शकते, हे मला माहीत होते आणि त्या मर्यादेच्या किंचित आत राहण्याचा मी हिशेब करत होतो, हे कबूल करतो. नियमाचा तो उपयोग नव्हे.

काल रात्री आम्ही दोघांनी चर्चा पानावर लिहिले आणि पुढील गोष्टींवर एकमत झाले. ‘राष्ट्रीय महामार्ग ४ (जुने क्रमांकन)’ हे पान स्वतंत्र राहील आणि त्यात १,२३५ किलोमीटर ही लांबी राज्यवार फोड करून, ‘२०१० पूर्वी’ असे स्पष्ट लिहून दिली जाईल. ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ हे शीर्षक अंदमानातील रस्त्याला मोकळे केले जाईल. त्या रस्त्यावरही कोणी तरी माझ्यासारखा राहत असेल आणि आपल्या रस्त्याच्या पानावर साताऱ्याचे टोलनाके पाहून त्याला काय वाटले असेल, हा विचार मी कधी केला नव्हता. खंबाटकीचा मजकूर वाईच्या बाईंनी सुचवल्याप्रमाणे घाटाच्या पानावर जाईल. माझे मोटारसायकलचे आकडे वहीतच राहतील.

‘पुणे-बंगळूर महामार्ग’ या पानावर मात्र आमचे जमलेले नाही. मैलाचा दगड त्याला मुख्य लेख करू इच्छितात. मला वाटते की या नावाची हद्द कोणत्याही अधिसूचनेत आखलेली नाही आणि म्हणून त्या लेखात काय घ्यायचे व काय वगळायचे हे आपणच ठरवू लागू, जे पुन्हा पदरचे घालणेच होईल. हा प्रश्न चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सर्वांसाठी असलेल्या चर्चेच्या पानावर, नेण्याचे आम्ही ठरवले आहे आणि तेथे दोघांची बाजू एकाच मांडणीत, एकमेकांना दाखवून, लिहिणार आहोत. येथील मंडळींनी तेथे येऊन मत द्यावे, ही विनंती.

तोवर जुन्या ४ चा मसुदा माझ्या धूळपाटीवर (कच्च्या लेखनाच्या पानावर) ठेवला आहे. शिरवळ ते तासवडे मी पुन्हा लावून घेतो आहे. कराडचा भाग मैलाचा दगड यांनी लिहावा, असे मी त्यांना सुचवले आहे, कारण तो त्यांच्याइतका मला ठाऊक नाही.


मैलाचा दगड (कराड) यांचे उत्तर

कराडचा परिच्छेद धूळपाटीवर टाकला आहे. वारुंजीजवळच्या कोयनेवरील पुलाचे वर्ष रिकामे सोडले आहे. वडिलांनी सांगितलेले वर्ष माझ्या लक्षात आहे, परंतु छापलेले अजून कोठे सापडलेले नाही. येत्या शनिवारी नगर वाचनालयात जुने गॅझेटिअर पाहून येतो, मग भरू.